स्कोर किती आला? : अतिदक्षता विभागातला आकडा आणि आपण शिक्षक-पालक



आजचा पाठ कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. तरी तो आपल्या सगळ्यांच्या घरात एकदा शिकवून झाला आहे. फक्त तेव्हा घाई होती, भीती होती, आणि पाठ नीट समजला नाही. आता इतकी वर्षं मध्ये गेल्यावर तो शांतपणे पुन्हा वाचू या. विषय आहे कोरोनाचा गंभीर रुग्ण वाचेल की नाही, हे आकड्यावरून सांगता येतं का? आणि येत असेल, तर तो आकडा ऐकायचा कसा?

१. सदरमधला तो एप्रिल

मी नागपूरच्या सदर भागात प्राथमिक शाळेत शिकवते. नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आमच्यासारख्या अनेक शिक्षकांच्या हातात खडूऐवजी ऑक्सिमीटर आला. आशाताईंबरोबर मी छावणी, गड्डीगोदाम, मंगळवारी बाजाराच्या मागच्या गल्ल्या अशा दारोदार फिरले. बोटाला चिमटा लावायचा, आकडा वहीत लिहायचा, ९५ च्या खाली दिसला की आशाताईंना सांगायचं. दारात उभ्या आजी विचारायच्या, "बाई, किती आले जी माझे मार्क?" ९८ सांगितलं की खूश व्हायच्या.

मग एप्रिल २०२१ आला. दुसरी लाट. एकट्या नागपूर जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांहून जास्त रुग्ण सापडू लागले. मेयो भरलं, मेडिकल भरलं, खासगी दवाखान्यांत खाट मिळेना. त्या दिवसांत कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न एकच असायचा : "स्कोर किती आला?"

हा स्कोर म्हणजे छातीच्या एचआरसीटीचा. आमच्या मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाचा, स्कोर आला २५ पैकी २१. घरात मी शिकलेली, मोबाइलवर वाचून समजून घेणारी. चुलतभावाने मला विचारलं, "ताई, एकवीस म्हणजे काय?" मी म्हणाले, "मनाची तयारी ठेव."

ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

मोठेबाबा आयसीयूत होते, तोंडावर बायपॅपचा मास्क, पण शुद्धीवर होते. तिथल्या सिस्टर रोज संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून पाच मिनिटं आमचं बोलणं त्यांना ऐकवायच्या. माझ्या त्या वाक्यानंतर घरातलं कुणी बोलायला धजेना. बोलायला गेलं की रडू यायचं, आणि रडणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून फोनच टाळला. असे चार दिवस गेले.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचा स्कोर आला ८. "माइल्ड आहे, काळजी नाही," असं सगळ्यांनीच म्हटलं, मीही म्हटलं. घरीच होत्या. ऑक्सिजन मोजायचं राहून गेलं. दम लागला तेव्हा रात्र झाली होती, आणि खाट मिळेपर्यंत सकाळ. त्या परत आल्या नाहीत.

मोठेबाबा ३४ दिवसांनी घरी आले.

आता यावरून 'स्कोर-बिर काही खरं नसतं' असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण तसं नाही. आकडे खोटे नव्हते, आम्हाला ते वाचता आले नाहीत. म्हणून हा पाठ.

२. स्कोर म्हणजे नक्की काय मोजतात?

आधी सीटी स्कोर घेऊ. आपल्या उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन, असे एकूण पाच खंड. प्रत्येक खंड किती बाधित झाला आहे त्यावरून त्याला ० ते ५ गुण. पाच पंचे पंचवीस. साधारण ८ पर्यंत सौम्य, ९ ते १५ मध्यम, त्यापुढे तीव्र असं धरायचे. म्हणजे २१ याचा अर्थ एवढाच, की फुफ्फुसाचा बराच मोठा भाग त्या दिवशी आजाराने व्यापला होता. रुग्णाचं वय, साखर, किडनी, रक्तदाब यातलं काहीही त्या आकड्यात नाही. शिवाय हा फोटो एका दिवसाचा. आजाराच्या तिसऱ्या दिवशी काढलेल्या सीटीत कमी दिसेल, दहाव्या दिवशी जास्त दिसेल. काकूंचं ८ हे लवकर काढलेलं ८ होतं. सौम्य लक्षणं असताना उगाच सीटी काढू नका, असं दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं, त्याचं एक कारण हेही होतं, की सौम्य रुग्णांच्या सीटीतही डाग दिसतात आणि ते आपोआप जातात.

दवाखान्यात गुण देण्याची पद्धत कोरोनाने आणलेली नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांना जन्मानंतर पहिल्याच मिनिटाला गुण मिळालेले असतात! अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली. बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, प्रतिसाद, स्नायूंची ताकद आणि श्वास अशा पाच गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला ० ते २ गुण द्यायचे, एकूण १०. पण हे गुण बाळ पुढे हुशार होईल का, हे सांगत नाहीत. 'या बाळाला आत्ता, या मिनिटाला मदत हवी आहे का' एवढंच सांगतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आयसीयूत जगभर वापरला जाणारा एक स्कोर म्हणजे 'सोफा'. १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फुफ्फुस, रक्तातल्या प्लेटलेट, यकृत, रक्तदाब, मेंदू आणि किडनी अशा सहा गोष्टी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण २४. इथे शाळेच्या उलटं असतं. जितके गुण जास्त, तितकी तब्येत खराब. त्याच्याही आधीचा 'अपॅची' स्कोर १९८१ चा, आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती १९८५ ची.

हे दोन्ही स्कोर कोरोनाच्या आधीचे. मग कोरोनात ते किती चालले? अमेरिकेतल्या १८ अतिदक्षता विभागांमधल्या, व्हेंटिलेटरची गरज पडलेल्या ६७५ कोरोना रुग्णांवर सोफा तपासून पाहिला गेला. २०२१ मध्ये निकाल आला. तो समजायला एक सोपी युक्ती आहे. एक दगावलेला आणि एक वाचलेला रुग्ण अशी जोडी घ्या. दोघांत जास्त गुण कोणाला होते ते पाहा. दगावलेल्याला जास्त असतील तर स्कोर बरोबर. अशा शंभर जोड्या घेतल्या तर नुसतं नाणं उडवूनही ५० वेळा उत्तर बरोबर येईल. सोफाचं उत्तर ५९ वेळा बरोबर आलं. आणि फक्त वय पाहून? ६६ वेळा! सहा अवयवांचं गणित एकीकडे आणि जन्मतारीख एकीकडे, तर जन्मतारीख पुढे. कारण व्हेंटिलेटरवर जाताना कोरोनाच्या बहुतेक रुग्णांचं फुफ्फुसच बिघडलेलं होतं, बाकी अवयव बरेच ठीक होते. त्यामुळे सगळ्यांचेच गुण जवळपास सारखे.

३. शंभरातले एकतीस

मग कोरोनासाठी वेगळे स्कोर तयार झाले. त्यातला चांगला तपासलेला एक म्हणजे ब्रिटनमधला 'फोर-सी' स्कोर, सप्टेंबर २०२० चा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या २६० रुग्णालयांची माहिती घेतली. ३५,४६३ रुग्णांवरून स्कोर बांधला आणि नंतरच्या २२,३६१ रुग्णांवर तपासला. हा फक्त आयसीयूसाठी नाही, रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी आहे. त्यात आठ गोष्टी आहेत :

- वय (० ते ७ गुण)
- पुरुष असल्यास १
- मधुमेहासारखे जुने आजार (० ते २)
- मिनिटाला श्वास किती (० ते २)
- ऑक्सिजन ९२ च्या खाली असल्यास २
- शुद्ध हरपत असल्यास २
- रक्तातला युरिया (० ते ३)
- सीआरपी (० ते २)

बेरीज करून पाहा, २१ येते. आणि निकाल असा : ० ते ३ गुणवाल्या गटात शंभरातले साधारण १ दगावले. ४ ते ८ गटात १०. ९ ते १४ गटात ३१. आणि १५ किंवा जास्त गुण असलेल्यांत ६१ ते ६२.

मागच्या वर्षी मी मोठेबाबांची फाइल काढून हे गुण मांडले. वय ६४, म्हणून ४. पुरुष १. मधुमेह १. श्वास वाढलेला १. ऑक्सिजन ९२ खाली २. शुद्धीवर होते, ०. युरिया थोडा वाढलेला १. सीआरपी शंभरावर २. एकूण १२. म्हणजे 'जास्त धोका' हाच गट. पण त्या गटात शंभरातले ३१ जातात, तर ६९ घरी येतात!

मी मात्र २५ पैकी २१ ऐकून एकाच माणसाचा निकाल लावून टाकला होता.

इथे शिक्षक म्हणून जरा थांबू या. सहावीला आपण शेकडेवारी शिकवतो. "३१ टक्के म्हणजे शंभरातले ३१," हे मुलं पाठ म्हणतात. पण त्या शंभरात *मी* कुठे बसतो, हे शेकडेवारी सांगत नाही, हे आपण वर्गात क्वचित सांगतो. एक माणूस ३१ टक्के मरत नाही. तो एक तर जातो, नाही तर राहतो. ३१ ही संख्या त्याच्यासारख्या माणसांच्या गटाची आहे.

आणखी एक. हे आकडे ब्रिटनमधल्या २०२० च्या रुग्णालयांचे, जिथे त्या रुग्णांना खाट मिळाली होती. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये खाट, ऑक्सिजन, औषध मिळवण्यातच दिवस जात होते. माणूस गाडीत बसून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो आहे, हे कोणत्याही स्कोरला माहीत नसतं. आयसीएमआरच्या देशव्यापी नोंदीत पहिल्या लाटेत दाखल झालेल्यांपैकी शंभरात सुमारे १० दगावले होते, दुसऱ्या लाटेत १३ हून जास्त, आणि तेही दाखल रुग्णांचं सरासरी वय दोनेक वर्षांनी कमी असताना. नुसतं वय पाहिलं असतं तर दुसऱ्या लाटेत मृत्यू कमी व्हायला हवे होते.

४. वुहानचं भाकीत बाहेर का चाललं नाही?

मे २०२० मध्ये चीनमधल्या वुहानच्या संशोधकांनी ४८५ रुग्णांची माहिती संगणकाला शिकवली. रक्तातल्या फक्त तीन गोष्टी : एलडीएच, लिम्फोसाइट पेशी आणि सीआरपी. एवढ्यावरून रुग्ण वाचेल की नाही हे दहा दिवस आधी, ९० टक्क्यांहून जास्त अचूक सांगता येतं, असा दावा होता. जगभर बातमी झाली.

मग नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी तेच सूत्र आपापल्या रुग्णांना लावून पाहिलं. तिथे ते फारसं चाललं नाही. न्यू यॉर्क असो की नेदरलँड्स, पुढे वाचलेल्या कित्येक रुग्णांना सूत्राने 'जाणार' म्हटलं.

असं का झालं? मला हे आपल्या परीक्षेवरून समजलं. मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मला विचारलं की कोणतं मूल कसं करेल, तर मी बऱ्यापैकी बरोबर सांगेन. जूनमध्ये, मुलगा पहिल्यांदा वर्गात आला त्या दिवशी विचारलं तर? वुहानच्या सूत्राने मुख्यतः शेवटच्या दिवसांतलं रक्त पाहून शिकलं होतं. दाखल होतानाच्या पहिल्या दिवशी ते लावलं की गडबडतं. दुसरं कारण, एका शाळेची मुलं पाहून बनवलेला अंदाज दुसऱ्या शाळेत तसाच बसत नाही. दवाखाना वेगळा, रुग्ण वेगळे, उपचार वेगळे.

हे एकट्या वुहानचं नव्हतं. कोरोनाची अशी भाकीत-सूत्रं गोळा करून तपासणारा एक मोठा आढावा २०२० पासून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये येत राहिला. त्याच्या तिसऱ्या सुधारित आवृत्तीत २३२ सूत्रं होती. त्यातली आशादायक वाटलेली किती? दोन. त्यातलं एक वर सांगितलेलं फोर-सी.

५. बर्लिनची १४ प्रथिनं आणि तो एक रुग्ण

आता आयसीयूतल्या सगळ्यात गंभीर रुग्णांकडे येऊ. जानेवारी २०२२ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हेंटिलेटरवरचे ५० कोरोना रुग्ण, त्यांच्या रक्ताचे वेळोवेळी घेतलेले ३४९ नमुने, आणि प्रत्येक नमुन्यात ३२१ प्रकारच्या प्रथिनांचं मोजमाप. ५० पैकी १५ दगावले, दाखल झाल्यापासून सरासरी २८ दिवसांनी. वाचलेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम? मधला आकडा ६३ दिवस. दोन महिने! घरच्यांनी किती दिवस धीर धरायचा, याचं हे एक उत्तर आहे.

त्यांना १४ प्रथिनं अशी सापडली, की जी वाचणाऱ्यांच्या रक्तात एका दिशेने बदलत होती आणि न वाचणाऱ्यांच्या रक्तात उलट्या. त्यातली बरीचशी रक्त गोठण्याशी आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेशी संबंधित आहेत. त्यावरून संगणकाला शिकवलं आणि मग दुसऱ्या, वेगळ्या गटातल्या २४ गंभीर रुग्णांवर तपासलं. एकाच वेळच्या रक्तावरून, शेवट ठरण्याच्या कित्येक आठवडे आधीचं भाकीत. दगावलेल्या ५ पैकी ५ बरोबर. वाचलेल्या १९ पैकी १८ बरोबर.

निकाल खरंच चांगला आहे. सोफा, अपॅची जिथे चाचपडत होते तिथे रक्तातली प्रथिनं बरंच स्पष्ट बोलली. पण आपण शिक्षक आहोत, म्हणून दोन गोष्टी विचारायच्याच. पहिली, चाचणी फक्त २४ जणांची. एका छोट्या वर्गाच्या निकालावरून आपण जिल्ह्याचा निकाल सांगत नाही.

दुसरी, १९ पैकी १८ बरोबर, तर उरलेला एक? त्याचं रक्त पाहून यंत्राने 'हा वाचणार नाही' म्हटलं होतं, आणि तो वाचला. त्याच्या घरचे कोण, तो कुठला, हे आपल्याला माहीत नाही. पण समजा त्या आकड्यावर विसंबून कुणी त्याच्यावरचे उपचार कमी केले असते, तर भाकीत आपोआप खरं ठरलं असतं! आणि मग कागदावर १८ पैकी १८ असा शंभर टक्के निकाल दिसला असता.

मला हे वाचताना आमचे ते चार दिवस आठवले.

६. मग भाकिताचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. अपगार बाईंनी दाखवला तोच. स्कोर सांगतो की मदत कोणाला, कधी आणि कोणती.

इंग्लंडमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचं उदाहरण घ्या. १६ जून २०२० ला त्यांनी जाहीर केलं की डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त औषध गंभीर रुग्णांचे प्राण वाचवतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत नेहमीच्या उपचारावर शंभरातले ४१ दगावत होते, औषध दिल्यावर २९. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. म्हणजे रुग्ण किती गंभीर आहे हे आधी ओळखता आलं, तरच औषध योग्य माणसाला जातं.

आणि यातून हेही दिसतं, की भाकीत बदलतं. १५ जूनला ४१ असलेला आकडा औषध आल्यावर २९ होतो. रुग्ण तसेच आहेत, फुफ्फुसं तशीच आहेत, बदलली ती मदत.

आपल्या राज्यात सांगितली गेलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी हीसुद्धा अशीच साधी भाकीत-चाचणी होती. ऑक्सिजन मोजा, सहा मिनिटं घरातच चाला, पुन्हा मोजा. ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरला, तर दवाखाना गाठा. काकूंच्या घरी ही चाचणी रोज झाली असती तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण ८ च्या आकड्याने ती करायचीच राहून गेली, हे नक्की.

ऑक्सिमीटरबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण आपण तो दारोदार नेला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं, की तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिजन धोकादायक कमी असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होतं. यंत्र त्वचेतून प्रकाश टाकून मोजतं, त्यामुळे त्वचेच्या रंगाचा फरक पडतो. म्हणून नुसत्या ९५ वर विसंबू नये, माणसाकडेही पाहावं. दम लागतोय का, बोलताना वाक्य तुटतंय का.

७. वर्गात काय करता येईल?

शिक्षकांना एक विनंती. वर्गात हा विषय घेताना मृत्यूचं उदाहरण घेऊ नका. आपल्या वर्गांत अशी मुलं आहेत ज्यांनी त्या दोन वर्षांत घरचं माणूस गमावलं. कोणी, ते आपल्याला नेहमी माहीत असतंच असं नाही. पावसाचं उदाहरण घ्या. आपल्या नागपुरात हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र आहे, त्यांचे अंदाज रोज वर्तमानपत्रात येतात.

कृती : १०० चिंचोके घ्या. ३१ ना एका बाजूला रंग लावा. पिशवीत टाका. मुलांचे पाच गट करा. प्रत्येक गटाने डोळे मिटून एक चिंचोका काढायचा, रंगीत की साधा ते लिहायचं, परत पिशवीत टाकायचा. असं २० वेळा.

गणिताने २० पैकी साधारण ६ रंगीत यायला हवेत. माझ्या वर्गात एका गटाला ३ आले आणि एका गटाला ९. मुलांनी भांडण केलं की दुसऱ्यांनी लबाडी केली! मग सगळ्या गटांची बेरीज फळ्यावर केली, शंभरात ३४ आले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, पिशवी खरं बोलते, पण एक चिंचोका काही सांगत नाही." मी हा पाठ यापेक्षा चांगला सांगू शकले नसते.

नंतर विचारा : "पुढचा चिंचोका रंगीत निघेल का?" मुलं आधी 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. हळूहळू 'बहुतेक नाही, पण निघू शकतो' असं म्हणायला लागतात. तेवढं आलं की पाठ साधला.

८. पालकांसाठी : आकडा कानावर आला की

आजार कोणताही असो, उद्या पुन्हा कुणाचा तरी स्कोर आपल्या कानावर येईलच. तेव्हा डॉक्टरांना शांतपणे हे विचारा :

१. हा आकडा कितीपैकी आहे, आणि जास्त चांगला की कमी?
२. तो कशाचा आहे? एका अवयवाचा की सगळ्या तब्येतीचा?
३. आजाराच्या कितव्या दिवशी काढला? पुन्हा कधी पाहणार?
४. असा आकडा असलेल्या शंभर जणांपैकी किती बरे होतात?
५. या आकड्यामुळे उपचारात आता काय बदलणार?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या आकड्याने पुढची कृती बदलते तो आकडा कामाचा. आणि घरी तो आकडा फोनवर चाळीस जणांना सांगत बसू नका. माझ्यासारखं कुणीतरी त्याचा अर्थ लावून मोकळं होतं.

स्वतः गुण मांडून घरच्या माणसाचं भाकीतही करू नका. मी मोठेबाबांचे मांडले ते ते घरी आल्यावर काही वर्षांनी, समजून घेण्यासाठी.

९. शेवटी आपल्याबद्दल

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं, पायाभूत चाचण्या आल्या. हेतू हा, की कोणत्या मुलाला कशात मदत हवी ते कळावं. पण स्टाफरूममध्ये आपण काय बोलायला लागलो ते आठवा. "माझ्याकडे आठ अप्रगत आहेत." मूल अप्रगत झालं! जून महिन्यातल्या एका चाचणीच्या गुणांवरून आपण कितीदा मार्चचा निकाल मनात लावून ठेवला? आणि मग त्या मुलाला प्रश्न विचारणं कमी केलं, वही तपासणं कमी केलं? शेवटी त्याचा निकाल तसाच लागला की म्हणालो, "मी म्हटलंच होतं."

मीही हे केलं आहे. आयसीयूतल्या स्कोरबद्दल वाचायला लागले नसते, तर कदाचित लक्षातही आलं नसतं.

मोठेबाबा घरी आल्यावर महिनाभराने त्यांच्याजवळ बसले होते. आवाज अजून बसलेलाच होता. म्हणाले, "सिस्टर रोज फोन कानाशी धरायची ना, मी वाट पाहायचो. मधले चार दिवस तुमचा कोणाचाच आवाज आला नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी तुम्हाला सांगून टाकलं असेल."

मी म्हणाले, "मोठेबाबा, डॉक्टरांनी नाही. मीच सांगितलं होतं."

ते हसले. म्हणाले, "बाई, पेपर चालू असताना निकाल लावतेस होय?"

उद्या वर्गात गेल्यावर हजेरीतलं एक नाव शोधा, ज्याचा निकाल आपण मनात आधीच लावून टाकला आहे. त्याला पहिला प्रश्न विचारा.